पानाला बोट लागलं तर

मावशी खलात पानं कुटत होती. खलात लिक्विड नायट्रोजन ओतलेला, त्याचा पांढरा धूर उठत होता आणि पानं काचेसारखी कडकड फुटत होती. मी शिडीवर, छतातल्या एसीत मुंडकं घालून. आतलं बुरशीचं पाणी माझ्या बाहीत गळत होतं. आंबलेला, घाण वास.

"ते पलीकडे पाड," मावशी म्हणाली. "माझ्या खलात एक थेंब पडला तर शिडीसकट खाली ओढीन तुला."

"पानं कुटायला एवढं काय? मिक्सर नाही का तुमच्याकडे?"

"मिक्सर गरम होतो. पान वितळलं की आतलं प्रोटीन लगेच सडायला लागतं. मग मोजायचं काय, तुझं डोकं?"

त्या लॅबमध्ये तिला सगळेच मावशी म्हणतात, मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा. माझी ती खरी मावशी, आईची धाकटी बहीण. मी नववीत शाळा सोडली तेव्हा अख्ख्या घराने मला फाडून खाल्लं. हिने एका एसीवाल्याकडे कामाला चिकटवलं आणि म्हणाली, आता हेच लोक उन्हाळ्यात तुझ्या दारात येतील. आले. त्यामुळे तिच्याबद्दल कोणी वाकडं बोललं की माझं टाळकं सरकतं. हे आधीच सांगून ठेवतो.

बावीस वर्षं ती त्या झाडांच्या खोलीत होती. खोलीला खिडकी नाही. नुसते ट्यूबलाइट लावलेले रॅक आणि त्यावर बोटभर रोपं, मोहरीच्या जातीतली, पण खायच्या कामाची नाहीत. रोपाच्या आत हजारो जीन्स. त्यातला कुठला कधी चालू होतो, कधी बंद होतो आणि त्यातून कुठलं प्रोटीन किती बनतं, हे शोधायचं. मला हे तिनेच समजावलं. म्हणाली, "तुझ्या एसीसारखंच आहे. थर्मोस्टॅट कुठे बसवलाय तेवढं आम्ही शोधतोय."

पाणी ती कधी वरून घालायची नाही. ट्रेमध्ये ओतायची, खालून. पानाला बोट लागू द्यायची नाही. "त्याला कळतं," म्हणायची.

तिथे एक पीएचडीवाली पोरगी होती, चष्मिस. मावशीचा तिच्यावर भारी जीव. डबा खाल्ला का, झोपलीस का, सगळं विचारायची. मला कधी विचारलं नाही. या चष्मिसने एक जीन मोडलेली रोपं बनवली. त्यांच्यात एक प्रोटीन साध्या रोपांच्या तिप्पट निघालं. ते एक्स-रेसारख्या फिल्मवर दिसतं, प्रोटीन जेवढं जास्त तेवढा पट्टा काळा; इथे काळाकुट्ट. लॅबचे सर हवेत. पेपर छापून आला, जिन्यात सरांचा फोटो लागला.

मग दुसऱ्या एका लॅबने तेच बी मागवून रोपं वाढवली. फरक शून्य. त्यांनी सरांना तसं लिहून कळवलं.

मावशीला कारण दिसत होतं. चष्मिस रोज सकाळी पट्टी घेऊन जीन मोडलेल्या रोपांची पानं मोजायची, एकेक पान बोटाने सरळ करून. साध्या रोपांना कोणी हात लावत नव्हतं, त्यांची वाढ आधीपासून माहीत होती म्हणून. "सर, प्रोटीन बोटाने वाढलंय," मावशी म्हणाली. "जीनचा काही संबंध नाही."

सर हसले. आठ दिवसांनी मीटिंगमध्ये म्हणाले, "त्या लॅबला बी पाठवताना मावशींनी पाकिटांच्या लेबलांची अदलाबदल केली असणार. शिक्षण नसलं की होतं असं." मी बाहेर पॅसेजमध्ये फिल्टर धूत होतो. तो काळा चिकट गाळ त्यांच्या तोंडावर मारावा, असं वाटलं.

मावशी भांडली नाही. तिने साध्या रोपांचे दोन ट्रे घेतले. एकाच्या पानांवरून दहा दिवस रोज बोट फिरवलं, दुसऱ्याला हात लावला नाही. अकराव्या दिवशी दोन्हींची पानं कुटली आणि चष्मिसला म्हणाली, यांची फिल्म काढ. बोट फिरवलेल्या ट्रेला तोच काळा पट्टा आला. जीन मोडलेला नसताना. चष्मिस फिल्म हातात घेऊन खाली फरशीवर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली.

"रडतेस काय," मावशी म्हणाली. "चूक कोणाची होत नाही?"

सरांनी फिल्म उजेडात धरून पाहिली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि एक कागद पुढे केला. लेबलं माझ्या हातून बदलली, असं त्यावर टाइप केलेलं. "सही करा मावशी. प्रयोगच चुकला म्हटलं तर पोरीची चार वर्षं पाण्यात जातील. लेबलं म्हटलं तर ती पुढचं काम करून डिग्री घेईल. बघा तुम्ही."

मावशीने सही केली. मी जिन्यात तिला गाठलं.

"तू केलंयस का ते?"

"नाही."

"मग सही कशाला केलीस?"

"माझं आता काय वाईट होणार आहे? तिचं सगळं व्हायचंय. आणि तू ओरडू नकोस, इथे आवाज घुमतो."

तिला झाडांच्या खोलीतून काढलं आणि तळमजल्यावर बाटल्या धुवायला बसवलं. आठवडाभर सडलेल्या, शेवाळ धरलेल्या बाटल्या. तो वास तिच्या केसांतून जात नाही. वरची पोरं बाटल्या ठेवताना दात काढतात, "मावशी, लेबल वाचून धुवा हां." आणि सर दिसले की विचारतात, "काय मावशी, बऱ्या आहात ना?" मला तिथे पाणी प्यायचीसुद्धा शिसारी येते. पण तिला घ्यायला जावं लागतं, म्हणून जातो.

चष्मिसला डिग्री मिळाली. जाताना मावशीच्या गळ्यात पडली. मावशी आठवडाभर त्या खुशीत होती.

यंदा त्या खोलीतला जुना एसी काढायला गेलो. पॅसेजमध्ये रद्दीत द्यायच्या वह्यांचा ढीग होता, त्यात चष्मिसची वही. मी वाचायला हळू आहे, पण वाचतो. एका पानावरची तारीख पेपर छापायच्या सात महिने आधीची होती. तिच्या अक्षरात लिहिलेलं: "या वेळी कुठल्याच रोपाला हात लावला नाही. फरक दिसत नाही. पानं मोजली तरच पट्टा येतो." त्याखाली लाल पेनाने सरांची सही, आणि सहीच्या वर दोन शब्द: "मोजत राहा."