भिंतीवरचा हिरवा मारुती

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी कधी लपवलं नाही. ताक पातळ लागलं की पाणी कोणी घातलं हे शोधल्याशिवाय मला घास गिळवत नसे. पण त्या माघात सासूबाईंची बोरमाळ घरातून नाहीशी झाली, तेव्हा संशय घ्यायला मी एकटी नव्हते. सगळं घर एकमेकांकडे तिरक्या नजरेनं बघायला लागलं.

निजामाच्या राज्यातले ते शेवटचे दिवस. आमचं गाव चारठाण्याच्या बाजूचं, घर खातंपितं शेतकऱ्याचं. चावडीवर कळवलं असतं तर पोलिसांचा अमीन आला असता, जबान्या घेतल्या असत्या आणि घरच्या बायकांची नावं चारचौघांत निघाली असती. सासरे म्हणाले, "इज्जत घालवून माळ न्हाई पायजे." माळ राहायची ती आतल्या खोलीत, आणि तिथं जाणाऱ्या बायका तीनच: सासूबाई, मी आणि माझी धाकटी जाऊ. तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिचं माहेर देवगाव फाट्याकडलं, गरिबीचं. माझा संशय तिच्यावर बसला आणि तिथून हलेना.

आमच्याकडे अशा वेळी मारुतीचा कौल घ्यायची चाल होती. सकाळच्या उन्हात उघड्या पारावरच्या शेंदरी मारुतीसमोर उभं राहायचं. गुरव एकशे आठ मणी ओढी, तोवर पापणी न हलवता मारुतीच्या चांदीच्या डोळ्याकडं बघायचं. मग गर्रकन वळून पाठीमागच्या चुन्यानं रंगवलेल्या भिंतीकडं बघायचं. खऱ्या माणसाला तिथं मारुती दिसतो, तोही हिरवा. चोराला कोरी भिंत. गुरव बनेल नव्हता, त्याचा स्वतःचा यावर पक्का विश्वास होता.

आम्ही तिघी ओळीनं उभ्या राहिलो. सासूबाई हात जोडून एकटक. मी मात्र डोळ्यांच्या कोपऱ्यातून जावेकडे बघत होते. तिचा चेहरा उतरतो का, ओठ थरथरतात का, तेवढं मला टिपायचं होतं. मणी संपले, आम्ही वळलो.

"दिसला!" सासूबाई ओरडल्या. "हिरवागार! मी बघीन तिकडं सरकायलाय गं माय!"

गुरवानं माझ्याकडं बघितलं. माझ्यापुढं नुसता चुना होता, पोपडे आलेला. मी म्हणाले, "दिसला. हिरवा."

मग जावेची पाळी. ती बराच वेळ भिंतीकडं बघत राहिली आणि म्हणाली, "मला न्हाई दिसला."

त्याच दिवशी बैलगाडी जुंपून तिला माहेरी पोचवलं. दिराची दुसरी सोयरीक बघायची बोलणी महिन्याभरात सुरू झाली.

मला मात्र चैन पडेना. जावेचं राहू द्या, मला का दिसला नाही? मला गुरवाचा संशय आला, मग भिंतीचा. मारुतीला तेल घालायच्या निमित्तानं मी एकटीच गेले आणि भिंत हातानं चाचपून बघितली, कुठं भोक आहे का, मागून कोणी दिवा दाखवतं का. काही नव्हतं. मग मारुतीसमोर उभी राहिले, मनातल्या मनात एकशे आठ मोजले आणि वळले.

भिंतीवर मारुती होता. हिरवट निळसर, गदेसकट.

घाबरून मी तशीच घरी आले. देवासमोर खोटं बोललेल्या बाईला देव दिसत असेल, तर त्या कौलात काही अर्थ नाही, एवढं कळण्याइतकी मी शहाणी होते. पण तोंड उघडलं असतं तर माझं खोटं बाहेर आलं असतं. मी गप्प बसले. एक दिवस नाही, चार महिने.

ज्येष्ठात पेरणीसाठी बियाण्याची कणगी फोडली. शेणामातीनं लिंपून बंद केलेली ती कणगी मधे कोणी उघडतच नाही. राखेत आणि कडुलिंबाच्या पाल्यात बोरमाळ निघाली. कणगी लिंपायच्या आधी सासूबाईंनीच ती तिथं दडवली होती आणि साफ विसरल्या होत्या. जावेला परत आणलं. माफी कोणी मागितली नाही. त्यानंतर ती माहेरी जायला निघाली की कोणी न सांगता आपलं गाठोडं सासूबाईंसमोर सोडी, एकेक लुगडं झटकून दाखवी आणि परत बांधी. मी ते बघत उभी राही.

पुढं माझी लेक डॉक्टरकी शिकली. एकदा मी तिला हिरव्या मारुतीचं विचारलं. ती हसली. म्हणाली, "आई, डोळ्याच्या आत पडदा असतो. त्यावर उजेड टिपणाऱ्या पेशी असतात. लांबट असतात त्या अंधुक उजेडासाठी, शंकूसारख्या असतात त्या रंगांसाठी. शंकू तीन तऱ्हेचे. पेशीत एक रंगद्रव्य असतं, उजेडानं ते फुटतं आणि परत जुळायला वेळ लागतो. शेंदराकडं खूप वेळ बघितलं की तांबडा टिपणारे शंकू थकतात. मग पांढऱ्या भिंतीकडं बघितलं की बाकीच्यांचंच जास्त चालतं. म्हणून हिरवा."

"तू आत जाऊन बघितलंस का?" मी विचारलं.

तिनं आणखी एक सांगितलं, ते मला अजून खरं वाटत नाही. अंधारात या पेशी सारखा निरोप धाडत असतात आणि उजेड पडला की उलट गप्प होतात. मला माझे ते चार महिने आठवले आणि लाज वाटली.

"पण नजर एका जागी पाहिजे," लेक म्हणाली. "ती फिरली की पेशी थकत नाहीत. मग काही उमटत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊ आणि मी ज्वारी निवडत बसलो होतो. दोघींचेही केस पिकलेले. मी तिला सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, "तुझा काही कसूर नव्हता बघ. तुझी नजर हलत होती, म्हणून दिसला नाही."

"हालंल न्हाई तर काय," ती सुपातले खडे वेचत म्हणाली. "मी तुमच्याकडं बघायलते, आक्का."

"माझ्याकडं? कशाला?"

"तुमी माझ्याकडं बघायलत्या म्हणून. तीनदा नजरानजर झाली की आपली. मारुतीकडं तर तुमी बघितलंच न्हाई."

माझा हात सुपातच राहिला. म्हणजे मी "दिसला" म्हणाले, तेव्हाच तिला कळलं होतं. ते मनात ठेवूनच ती त्या बैलगाडीत बसली होती.

"मग तवाच का बोलली न्हाईस?" मी विचारलं.

"माझं कोण ऐकलं असतं?" ती म्हणाली. "तुमी बोलताल म्हणून गाडी शिवंवर जाईस्तोर मागं बघायलते मी."