साडूंचा पाट

आमच्या साडूंइतका स्वतःच्याच मागे हात धुऊन लागलेला माणूस पेण ते रोह्याच्या टापूत दुसरा झालेला नाही. रोह्याच्या एका कंपनीत ते ऑपरेटर होते, पण ती झाली पोटाची सोय. खरा उद्योग स्वतःला सुधारण्याचा, आणि त्यातून सवड मिळाली की इतरांना. त्यांच्या घरात आरशावर, कपाटावर, एवढंच काय संडासाच्या दारालासुद्धा आतून चिठ्ठी: ‘मी करू शकतो.’ निश्चय बळकट व्हावा म्हणून ते डाव्या हाताने दाढी करत आणि रोज हनुवटीला कापूस लावून फर्स्ट शिफ्टला जात. दर रविवारी समाजमंदिरात ‘स्वतःला घडवा’ या विषयावर बोलत. समोर रात्रपाळी करून आलेली मंडळी भिंतीला टेकून घोरत असायची. “झोपेतसुद्धा विचार आत जातो,” असं त्यांचं म्हणणं. एकदा जिते स्टेशनात पनवेलच्या गाडीची वाट बघणाऱ्या एका टोपलीवाल्या मावशींना ते वेळेचं नियोजन समजावत बसले आणि त्यांची स्वतःची रोह्याची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. मावशी म्हणाल्या, “गाडी गेली तुमची, भाऊ. आता निवांत सांगा.” आणि ह्यांनी निवांत सांगितलं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते मला मेहुणीकडून कळलं. साडू मूळचे पेणचे, घरचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. लग्नानंतर ह्यांनी वेगळं बिऱ्हाड केलं होतं, तरी काम थोरल्या भावाच्या, दादांच्या हाताखालीच. आमच्याकडे लोक आपला पाट आधी कारखान्यात नेऊन देतात आणि चतुर्थीला त्याच पाटावरून गणपती घरी आणतात. त्या वर्षी ह्यांनीही नव्या घरासाठी आपला पाट तिथे ठेवला होता. पाऊस हटेना, मूर्ती वाळेनात. दादा बाजारात गेलेले बघून ह्यांनी शाडूच्या ओल्या मूर्ती शेगड्यांना लगटून मांडल्या आणि निखारे फुलवले. दुपारपर्यंत एकजात सगळ्यांना तडे. चतुर्थी चार दिवसांवर आलेली. दादा एक शब्द बोलले नाहीत, तडे बुजवायला बसले. ते न बोलणंच ह्यांना सोसलं नाही. बायकोला घेऊन रोह्याला आले ते बारा वर्षं पेणला फिरकले नाहीत, आणि घरात गणपतीही बसला नाही. मेहुणी शेजारच्या आरतीला जाऊन यायची. “दादासमोर उभं ऱ्हायच्या लायकीचा होईन, मग जाईन,” हे ह्यांचं ठरलेलं. लायकी मात्र दर वर्षी थोडी पुढे सरकायची.

त्यात कंपनीत वसईचा एक ख्रिस्ती फिटर आला. डबा खाताना साडूंनी त्याला स्वतःला घडवण्याची आपली पद्धत समजावली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आमच्यात उलटं हाय. देवाची कृपा म्हणजे पगार नाय, शिफ्ट भरली म्हणून मिळायला. तो आधीच देऊन बसलाय. आपण घ्यायची फक्त.”

“काही न करता? मग आळशी माणसात आणि माझ्यात फरक काय?”

“त्याच्याकडं काय फरक नाय.”

हे साडूंना फारच लागलं. आठवडाभर धड जेवले नाहीत. शेवटी करून बघू म्हणाले, आणि आरशावर नवी चिठ्ठी लागली: ‘पहाटे पाच ते साडेपाच, कृपा घेणे.’ महिनाभर चटईवर ताठ बसून घेत होते. मिळाली का विचारलं तर म्हणाले, “बहुतेक माझी पद्धत चुकतेय.” मला हसू आलं, आणि मग त्या हसण्याचं वाईट वाटलं.

श्रावणात पेणहून निरोप आला, दादांची नजर अधू झाली, यंदानंतर कारखाना बंद. साडू गडबडले. लायकीचं काम तर अर्धवट होतं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते मला घेऊन निघाले. खिशात बारा वर्षांत काय काय सुधारलं त्याचा कागद: तंबाखू सोडली, राग आवरला, पहाटे उठतो. गाडीत तो माझ्यासमोर दोनदा म्हणून झाला.

दादांनी चष्म्यावरून बघितलं. “आलास? सांभाळून, रंग ओला हाय.”

साडूंनी कागद काढला. “दादा, या बारा वर्षांत मी...”

“ते मागनं. आधी तुझा पाट घे.”

कोपऱ्यात साडूंचा पाट होता आणि त्यावर रंगवून, डोळे आखून तयार गणपती. वहिनी म्हणाल्या, “दर वर्षाला तुमची मूर्ती करतात. चतुर्थीच्या सकाळपर्यंत तुमची वाट बघायची, मग कुणी अडलेला आला की त्याला दुसऱ्या पाटावर द्यायची. तुमचा पाट तेवढा ठेवून घ्यायचा.”

साडू म्हणाले, “पण दादा, मी मूर्ती सांगितली नव्हती.”

“गणपती नको काय तुमच्याकडं?” दादा म्हणाले आणि पुढच्या मूर्तीकडे वळले.

परतीच्या गाडीत गणपती मांडीवर घेऊन साडू बसले होते. समोर एक माणूस तंबाखू मळत होता, त्यालाही काही सांगितलं नाही. मग मला म्हणाले, “यात मी काय केलं?”

“काही नाही.”

“तेच तर,” म्हणाले, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून तसेच बसले.

दादांचा कारखाना बंद झाला त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. दादाही गेले. साडूंची दाढी अजून डाव्या हातानेच चालते, चिठ्ठ्याही आहेत. ‘कृपा घेणे’ या चिठ्ठीवरची वेळ तेवढी त्यांनी खोडली आहे. चतुर्थी जवळ आली की ते तो पाट धुऊन पडवीत वाळत ठेवतात आणि मला विचारतात, “मी मूर्ती सांगितली नव्हती, नाय का?” मी म्हणतो, नव्हती.