नागपुरी उंदरासाठी सहा गाद्या

"मशीन बंद करा! अजी, मशीन बंद करा म्हणते ना!"

अम्मी एरवी हिंदीत रागवायची. घाबरली की मात्र तिच्या तोंडून आरमोरीकडची, माहेरची मराठी निघायची. त्या दिवशी ती इतक्या जोरात निघाली की पहिल्या पाळीला कोळशाच्या खाणीत उतरलेल्या माणसांनीही म्हणे हातातली कामं थांबवली. चंद्रपुरातली सगळी यंत्रं थांबली असतील. थांबलं नाही ते फक्त आमचं. कापूस पिंजायचं ते धूड एकदा सुरू झालं की समोरच्याचं बोलणं राहू द्या, आपल्या मनातला विचारसुद्धा आपल्याला ऐकू येत नसे. अब्बा एका लयीत कापूस आत सारत होते. शेवटी अम्मीनं त्यांचा शर्ट मागून धरून ओढला आणि मी बटण दाबलं. पट्टा फटफट करत थांबला. हवेत उडणारी कापसाची भुरी सावकाश आमच्या तिघांच्या डोक्यांवर उतरली.

"का झालं?" अब्बांनी विचारलं.

"पाहुणा पयाला."

अम्मीनं हातातला पिंजरा पुढे केला. पोपटाचा जुना पिंजरा, आत एक वाटी, वाटीत कालचे चार फुटाणे, आणि बाकी सगळं रिकामं.

हा पाहुणा म्हणजे हॅमस्टर. आमच्या मोहल्ल्यात तोवर हे जनावर कुणी पाहिलं नव्हतं. शेजारच्या मास्तरीणबाईंच्या लेकीला तिच्या मामानं नागपूरहून आणून दिलं होतं. रंग खव्याच्या पेढ्यासारखा, आकारही साधारण तेवढाच, शेपूट म्हणाल तर विसरल्यासारखी. गालांत मात्र इतकी जागा की एकदा मी स्वतःच्या डोळ्यांनी त्याला एका गालात अकरा फुटाणे भरताना पाहिलं. बरं, सात असतील. अब्बा त्याला नागपुरी उंदीर म्हणत. "आपले चंद्रपूरचे उंदीर काय मेले होते, म्हणून नागपूरहून मागवला?" असं ते पहिल्या दिवशी म्हणाले होते.

मायलेकी महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला गेल्या होत्या, मुक्काम चामोर्शीला आत्याकडे. तीन दिवस पिंजरा आमच्याकडे. जाताना ती आठ-नऊ वर्षांची पोर अम्मीच्या कानात काहीतरी बराच वेळ सांगत होती. अम्मी मान हलवत होती. अम्मीला उंदरांची किळस. पिंजऱ्यात फुटाणे टाकायचे तर ती ओढणीचं टोक बोटांना गुंडाळून टाकायची. पण अमानत, म्हणजे कुणी विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू, ही आमच्या घरात मोठी गोष्ट. त्यातून या बाईंची.

कारण शेळीचं. दोन वर्षांपूर्वी अम्मीचं नागपूरला पोटाचं ऑपरेशन झालं, आम्ही सगळे तिकडं अडकलो, आणि आमची शेळी या बाईंनी महिनाभर सांभाळली. ठेवली होती एक, परत आल्या तीन. बाईंच्या अंगणातच ती व्याली. पिलं अशक्त होती तर बाई शाळेत जायच्या आधी त्यांना बाटलीनं दूध पाजायच्या. अम्मी दवाखान्यातून आली आणि बाईंनी तिन्ही दोऱ्या तिच्या हातात दिल्या, तेव्हा अम्मी रडली होती.

"तिनं एकाच्या तीन करून देल्या," अम्मी आता पिंजरा छातीशी धरून म्हणाली, "अन् मी एकाचा शून्य करून देऊ? चारच्या गाडीनं येते ते पोर."

मग तिचं लक्ष मशीनकडं गेलं आणि ती बोलायची थांबली.

आमच्या घराची रचना सांगतो, म्हणजे ती का थांबली ते कळेल. पुढच्या खोलीत मशीन. मधल्या खोलीत आमचं राहणं. आणि दोन्हींच्या मधल्या दारात, उंबऱ्याला टेकून, सकाळी पिंजायचा कापसाचा ढीग. ढीग म्हणजे काय, आत ताडोब्याचा वाघ शिरला असता तरी आठवडाभर पत्ता लागला नसता. पिंजऱ्यातून निघालेल्या जिवाला दोन पावलांवर असा मऊ डोंगर दिसल्यावर तो आणखी कुठं जाणार? आणि त्या डोंगराचा अर्धा भाग आम्ही सकाळपासून मशीनच्या दातांत घातला होता.

अब्बा मशीनपाशी वाकले. त्यांनी मशीनचा पत्रा उघडला, रुळाला हातानं उलटं फिरवलं आणि दातांत अडकलेला कापूस चिमटीनं काढून एकेक पुंजका उजेडाकडं धरून पाहायला सुरुवात केली. अम्मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

"सांगा जी," ती म्हणाली.

"पांढरा आहे."

"आता?"

"पांढराच."

असं पंधरा-वीस वेळा झालं. मशीनमध्ये तो नव्हता. अम्मीनं तोंड इकडं वळवलं.

मग उरलेला ढीग. मशीन तर चालवायचं नाही, म्हणून आम्ही तिघं ढिगाभोवती बसलो आणि सगळा कापूस बोटांनी पिंजला. आमच्या खानदानात बोटांनी कापूस पिंजणारा शेवटचा माणूस कोण होता ते अब्बांनाही सांगता आलं नाही. दोन तास लागले. ढिगात सापडलं ते असं: एक कंगवा, अब्बांची हरवलेली विडीची पुडी, आणि सरकी. पुडी अम्मीनं आपल्याकडं ठेवून घेतली.

आता राहिल्या गाद्या.

तेलुगू मुलखाला लागून असलेल्या सिरोंच्याच्या एका माणसाच्या मुलीचं लग्न होतं. त्याच्या सहा गाद्या सकाळपासून भरून झाल्या होत्या. खोळीत कापूस भरायचा, तोंड शिवायचं, आणि मग वरून छडीनं झोडपायची, म्हणजे कापूस सगळीकडं सारखा बसतो. भरायचं काम अब्बांचं. झोडपायचं माझं. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, अंगात रग होती, आणि मी झोडपलेल्या गादीवर म्हणे हत्ती झोपला तरी खड्डा पडत नसे. त्या सकाळी मी दोन गाद्या झोडपून टाकल्या होत्या.

अम्मीनं कोपऱ्यातल्या छडीकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"तुले मालूम नव्हतं रे," ती म्हणाली. तिनं दुसरं काही म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

अब्बांच्या तळहाताची ख्याती होती. नुसती गादी थोपटून आत सरकी किती राहिली ते सांगत. त्यांनी पहिल्या गादीवर हात फिरवला, टोकापासून टोकापर्यंत. मग कान लावला.

"धडधड ऐकू येते," ते कुजबुजले.

आम्ही श्वास रोखले. त्यांनी दुसऱ्या गादीला कान लावला. तिथंही धडधड. तिसऱ्या, चौथ्या, सहाही गाद्यांत धडधड. मग त्यांनी कान काढला, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "माझीच आहे."

अम्मीनं कात्री घेतली. झोडपलेल्या दोन गाद्या तिनं आधी ओढल्या. एकेक टाका ती असा उसवत होती, जणू आत झोपलेल्या कुणाच्या अंगावरून चादर काढायची आहे. ओढणीचं टोक बोटांना गुंडाळायचं ती विसरली होती. उघड्या हातांनी ती कापसात कोपरापर्यंत शिरली, चाचपडत राहिली. पहिलीत काही नाही. दुसरीत काही नाही. तेव्हा मी बसलो तिथंच मागं टेकलो आणि छताकडं पाहत राहिलो, डोळ्यांत भुरी गेली म्हणून.

राहिलेल्या चार गाद्या उसवून झाल्या आणि दारात टेम्पो थांबला. सिरोंच्याचा गृहस्थ उतरला. दुपारच्या आत माल भरून जंगलाचा रस्ता उजेडी काढायचा, असं त्याचं ठरलेलं. आत येऊन बघतो तर त्याच्या मुलीच्या लग्नाच्या सहा गाद्या पोट फाडून पडलेल्या, आणि गादीवाला, गादीवाली नि त्यांचा मुलगा नखशिखांत पांढरे.

"एंदी इदी?" तो म्हणाला. हे काय आहे, हे कळायला तेलुगू यायची गरज नव्हती.

अब्बा उठायला गेले, पण अम्मीच पुढं झाली. शेळीपासून सुरुवात करून तिनं सगळं सांगितलं. शेळी व्याली इथपर्यंत तो माणूस उभा होता. बाटलीनं दूध पाजलं तिथं तो खाली बसला. पिंजरा रिकामा झाला तेव्हा त्यानं डोक्याचा रुमाल काढला.

"उंदीर?" त्यानं विचारलं. "एलुका?"

"नागपूरचा," अब्बा म्हणाले.

"बाई, मी मिरची लावतो, धान लावतो. चाळीस वर्सं मी उंदराशी भांडतो. त्याला ढिगात कोण शोधते? उंदीर मधून जात नाही. भिंतीला अंग घासत जातो. कुठी होता पिंजरा?"

मधल्या खोलीतलं फळीखालचं स्टूल अम्मीनं दाखवलं. तो माणूस, अंगात लग्नाच्या खरेदीसाठी घातलेला कडक इस्त्रीचा सदरा, गुडघ्यांवर बसला आणि स्टुलापासून भिंतीला गाल लावून रांगत निघाला. मागून अम्मी वाकून. तिच्या मागं मी. कपाटाखाली, ट्रंकांच्या मागं, धान्याच्या डब्यांच्या फटीतून आमची मिरवणूक भिंतीभिंतीनं गेली आणि दारातून पुढच्या खोलीत आली. उंबऱ्यापाशी कापसाचा ढीग डावीकडं राहिला. तो उजवीकडं वळला. मशीनच्या मागून कोपऱ्यापर्यंत गेला आणि अब्बांच्या पायांपाशी थांबला. अब्बा आपल्या नेहमीच्या लोडाला टेकून बसले होते.

"उठा जी," तो म्हणाला.

"इथं नाही. मी सकाळपासून इथीच टेकून राह्यलो. मशीन सोडलं की इथीच."

"उठा."

अब्बा उठले. तो लोड आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासूनचा. गादीवाल्याच्या घरची गादी आणि लोड कसे असतात ते सांगायला नको. गिऱ्हाइकांचं शिवता शिवता घरचं राहूनच जातं. लोडाच्या एका तोंडाची शिवण चार बोटं उसवली होती, आणि त्या भोकातून कापसाचा एक पुंजका बाहेर आला होता. त्या माणसानं पुंजका हळूच ओढला.

आत पाहुणा झोपला होता.

नुसता झोपला नव्हता, त्यानं घर मांडलं होतं. आमच्या खानदानात एवढा बारीक कापूस कुणी पिंजला नसेल, तसा पिंजून त्यानं गोल वाटी केली होती. वाटीच्या कडेला सरकीच्या बियांची रास, माझ्या अंदाजानं पावशेर. पोटात पाय घेऊन, गाल फुगवून, मशीनच्या त्या कहर आवाजात, अब्बांच्या पाठीच्या उबेला तो बिनघोर पडला होता.

"म्हटलं, आज पाठीत सरकी काऊन टोचून राह्यली," अब्बा म्हणाले.

अम्मीनं दोन्ही हातांची ओंजळ केली. सिरोंच्याच्या माणसानं वाटीसकट त्याला उचलून तिच्या ओंजळीत ठेवलं. तो जागा झाला, मिश्या हलवल्या, तिच्या अंगठ्याचा वास घेतला आणि पुन्हा झोपला. अम्मी हलली नाही. उंदराची किळस असलेली बाई, पण मी मोजून सांगतो, पाऊण तास ती तशीच उभी होती. अब्बांनी मग हळूच पिंजरा खाली धरला, तरी ती म्हणाली, "राहू द्या ना थोडं. पोट किती गरम आहे याचं."

मग सहा गाद्या पुन्हा भरल्या. वधूपित्यानं स्वतः बाह्या सारून कापूस कोंबला. झोडपायची वेळ आली तेव्हा छडी उचलायला माझा हात होईना. अब्बांनी ते पाहिलं आणि छडी घेऊन स्वतःच झोडपल्या, हळू हळू, थोपटल्यासारख्या. तीन वाजता टेम्पो गेला. जाताना तो माणूस पिंजऱ्याशी वाकून तेलुगूत काहीतरी बोलला. आशीर्वाद असेल, किंवा माझ्या शेतात येऊ नको असं असेल.

मी अम्मीला म्हटलं, "आता सापडला ना? मग बाईंना काऊन सांगतेस? पिंजरा दे, चहा पाज, झालं."

"नाई. अमानत हातातून सुटली होती. सांगा लागन."

चारच्या गाडीनं मायलेकी आल्या. पोरीच्या कपाळावर जत्रेचं भस्म, हातात प्लास्टिकची भिरभिरी. मोहल्ल्यातली सगळी पोरं अम्मीला खाला, म्हणजे मावशी, म्हणत, तीही म्हणायची. अम्मीनं तिला समोर बसवलं, तिचे दोन्ही हात धरले, आणि मास्तरीणबाईंच्या देखत सगळं कबूल केलं. पिंजरा रिकामा झाला तो, मशीन, बोटांनी पिंजलेला ढीग, सहा गाद्या, अब्बांचा लोड. काहीही लपवलं नाही, माझी छडीसुद्धा. सांगता सांगता तिचा आवाज फाटला. "बेटी, तू एवढ्या भरवशानं देला होता," ती म्हणाली, "मले माफ कर."

मास्तरीणबाईंनी तोंडाला पदर लावला. अब्बा दाराकडं पाहत होते. पोरीनं पिंजऱ्यात बोट घातलं, त्याच्या पाठीवरून एकदा फिरवलं, आणि आमच्या तिघांच्या पांढऱ्या डोक्यांकडं आळीपाळीनं पाहिलं.

"शोधला काऊन, खाला?" ती म्हणाली. "भूक लागली की आपोआप परत येते थो."