हवालदाराची रजा आणि मेजरबाई

सांगलीच्या रस्त्यावर मूल होण्याची औषधं देणारं एक केंद्र आहे. तिथल्या माणसानं मला फसवलं. त्याच्या औषधाच्या पुड्यांपायी पैसा गेला, तो मी केव्हाच सोडून दिला. वर्षं गेली ती सोडलेली नाहीत. पण आज लिहायचं आहे ते मेजरबाईंबद्दल. मी फसले आहे हे मला त्यांनी सांगितलं. तोवर मी स्वतःलाच दोष देत होते.

मेजरबाई म्हणजे फौजेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. साताऱ्यात, माजी सैनिकांच्या वस्तीत एकट्याच राहायच्या. आडून बोललेलं त्यांना अजिबात खपत नसे. एखादी सून "बाई, मला कावळा शिवलाय" म्हणाली, की त्या मान वर करून आभाळात शोधायच्या, "कुठाय कावळा? दाखव." कुणी "अडचण आहे" म्हणालं तर, "अडचण गॅस संपला की होते. ही पाळी आहे. म्हण, पाळी." समोरची ते म्हणेपर्यंत चहाचा कप पुढे सरकत नसे. पॅडचं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळणाऱ्या औषधवाल्याला त्यांनी एकदा भर दुकानात विचारलं होतं, "बॉम्ब आहे का त्यात?"

आमची गाठ पडली लोणंदच्या बाजारात. मी शेळ्या-मेंढ्यांची खरेदी-विक्री करते. लहानपण बापाच्या मेंढरांमागं चालण्यात गेलं, धंदा मात्र माझा मी उभा केला. शेळीचं वय दातांवरून आणि गिऱ्हाइकाची ऐपत चपलांवरून सांगते. मेजरबाईंना दुधासाठी शेळी हवी होती. एका गाभण शेळीपाशी त्या थांबल्या.

"गाभण आहे म्हणतेस, ते कशावरून?"

"आवं बाई, माज वळखूनच बोकड दावलाय. शेपूट हलवत हुती, वरडत हुती, काचंवानी तार पडत हुती. ती येळ चुकली की गेलं."

"चुकली तर काय होतं?"

"काय हुतंय? बोकड फुकटची वैरण खाऊन माघारी येतोय."

त्या खदखदून हसल्या आणि त्याच दमात म्हणाल्या, "तुला मुलं किती?"

माझं टाळकं सटकलं. बाजारात हा प्रश्न मला कुणी विचारत नसे. विचारणाऱ्याला काय काय ऐकावं लागतं, ते सगळ्यांना माहीत होतं. "शेळी इकायची न्हाई," म्हणून मी दावं ओढलं. मेजरबाई जागच्या हलल्या नाहीत.

"नवरा काय करतो?"

"मिल्ट्रीत हाय."

"रजा कधी घेतो?"

हा प्रश्न आजवर एकाही डॉक्टरनं, देवऋष्यानं किंवा भावकीतल्या बाईनं विचारला नव्हता. त्यामुळे रागातही मी उत्तर दिलं. केंद्रवाल्यानं सासूबाईंना बजावलं होतं, की चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की पिशवीचं तोंड उघडतं आणि आठवड्यात मिटतं. त्यानंतर नवरा-बायको जवळ आले तर पुडीचा गुण जातो. म्हणून माझी तारीख फोनवरून नवऱ्याला कळवायची आणि त्यानं त्या बेतानं रजा मागायची. रजा मोठी मिळाली तरी आठवडा झाला की सासूबाई माझं अंथरूण स्वतःच्या खोलीत ओढून नेत. त्या वाईट नव्हत्या. नातवासाठी जीव तोडून नियम पाळत होत्या. ज्या घरात नवरा रोज संध्याकाळी घरी येतो, तिथं असला नियम कधी ना कधी मोडतो आणि पाळणा हलतो. आमच्या फौजी घरात शिस्त होती. आमचा नियम कधीच मोडला नाही.

मेजरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शेळीच्या डोक्यावरून पाणी ओतून तू बोकड दाखवतेस का गं?"

माझ्या हातातलं दावं सुटलं. शेळी शेजारच्या बाईच्या गवारीच्या पाटीत तोंड घालून मोकळी झाली.

शेळी शेवटी त्यांनीच घेतली. भावावरून आम्ही इतक्या भांडलो की बघ्यांनी कोंडाळं केलं, आणि आपणच जिंकलो असं दोघीही शेवटपर्यंत सांगत राहिलो. शेळीचं नाव त्यांनी 'कॅप्टन' ठेवलं. मला त्या 'सौदागरीण' म्हणू लागल्या.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला घरी बोलावलं. कॅप्टनला पाला घेऊन गेले. त्यांनी ताटलीत एक अंडं फोडलं, पांढरं बोटांच्या चिमटीत धरलं आणि तार ओढून दाखवली.

"पाळीच्या अधेमधे काही दिवस अंगावरून असं जातं का? ओलं, गुळगुळीत, तार न तुटणारं?"

"जातंय की. केंद्रवाला म्हनला ही धुपणी हाय, पांढरं जायचा रोग. ती बंद व्हायची पन पुडी देतोय."

मेजरबाईंनी ताटली बाजूला सरकवली. बोटं धुऊन, पदराला पुसून त्या म्हणाल्या, "अंडं सुटायच्या बेताला आलं की शरीर हीच खूण देतं. त्या गाढवानं खुणेलाच रोग ठरवलं."

मग त्यांनी माझ्याच भाषेत समजावलं. अंडं सुटतं ते साधारण पुढच्या पाळीच्या पंधरवडाभर आधी. जिची पाळी लांबते, तिचं अंडंही उशिरा सुटतं. माझी पाळी दर खेपेला महिना उलटून गेल्यावर यायची. म्हणजे माझं अंडं सुटायचं तेव्हा माझा हवालदार नवरा पठाणकोटच्या गाडीत बसलेला, नाहीतर माझं अंथरूण सासूबाईंच्या खोलीत. "अंडं जेमतेम दिवसभर टिकतं. पुरुषाचं बीज मात्र चार-पाच दिवस तग धरतं. म्हणून गिऱ्हाइकानं बाजाराच्या आधीच येऊन बसायचं. तुमचं गिऱ्हाईक बाजार भरायच्या आधीच घरी जात होतं, सौदागरीणबाई."

नवरा रजेवर आला तसा त्यांनी त्यालाही बोलावून घेतलं. "हवालदार, तपासणी दोघांची. आधी तुमची, ती सोपी असते." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण रँक मोठी. तो सावधानमध्ये उभा राहून "येस मॅडम" म्हणाला. त्याच्यात काही कमी नव्हतं. माझ्या तपासण्या साताऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंनी केल्या. त्यांचा कागद मेजरबाईंनी दोनदा वाचला.

"खोटं बोलू का?" त्यांनी विचारलं.

"तुमास्नी येतंय व्हय?"

"नाही येत. ऐक. बाई जन्माला येते तीच आपली अंडी घेऊन. नवीन तयार होत नाहीत. वयाबरोबर ती सरत जातात. तुझी सरत आलीत. प्रयत्न करू, पण आशा विकणार नाही."

आम्ही प्रयत्न केले. रजा खुणा बघून घेतली, पुड्या उकिरड्यावर गेल्या, सासूबाईंनी आपण होऊन माझं अंथरूण जागेवर नेऊन ठेवलं. पण काही झालं नाही. शेवटी एक दिवस मेजरबाईंच्या दारात जाऊन मी तोंडाला येईल ते बोलले. "मग सांगितलंत कशाला? अडाणी हुते ते बरं हुतं!"

त्या शांतपणे कॅप्टनला पाला घालत होत्या. "अडाणी राहिली असतीस तर स्वतःला वांझ म्हणत मेली असतीस. आता निदान शिव्या कुणाला द्यायच्या ते तुला कळलं. आत ये, चहा टाकते."

त्या चहानंतर मी त्यांना सोडलं नाही. बाजार नसेल त्या दिवशी माझ्या लोणंदच्या गोठ्यात मेजरबाई बायका गोळा करायच्या. ताटली, अंडं, ती तार. पोरी पदरात तोंड खुपसून हसायच्या. "हसा, पण बघत हसा," त्या म्हणायच्या. कुणी विचारलं, "मग बाकीच्या दिसात काय भ्या न्हाई ना?" तर डोळे वटारायच्या, "अंडं घड्याळ बघून सुटत नाही. पोर नको असेल तर मोजत बसू नका, दवाखान्यात जा." माझी पुतणी, तीही फौजीचीच बायको, वर्षभरात कंदी पेढे घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. मेजरबाईंना साखरेचा आजार होता. तरी त्यांनी दोन खाल्ले आणि तिसरा कॅप्टनला दिला.

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. आजारपणात भेटायला गेले की हात दाबून म्हणायच्या, "तू भांडतेस चांगलं, सौदागरीण. पण ते शेळीवरून भांडण्यात वाया घालवू नकोस." कॅप्टन आता माझ्या दावणीला आहे. पाला तोडून नेला की अजून आधी रस्त्याकडे बघते.

परवा सांगलीला गेले होते. त्या केंद्राची पाटी नव्यानं रंगवली आहे. पायरीवरून एक सून उतरत होती. अंगावर नवी साडी, मान खाली, मागं सासू, सासूच्या हातात पुडी. मी गाडी थांबवली. पोरीला विचारलं, "नवरा काय करतोय?" ती पुटपुटली, "मिल्ट्रीत." मी तिला तिथंच रस्त्याकडेला उभी करून सगळं सांगितलं, पाळीला पाळी म्हणून. सासू शेवटपर्यंत ऐकत होती.

मग मी पायरी चढले. तो केंद्रवाला आत होता. मला बघून हसला आणि म्हणाला, "बसा ताई, किती वर्षं झाली लग्नाला?"

मी बसले. किती वर्षं गेली, ते मी तुलाच विचारायला आले आहे. माझ्या शरीराच्या खुणेला तू रोग म्हणालास, ते कशाच्या आधारावर? किती घरांत तू ही पुडी पोचवलीस? उत्तर दे. मी उठणार नाही, आणि या सौद्यात मी एक पैसाही खाली येणार नाही.