लाटांचा चौक

धवलारीण मावशी घरात येण्याआधी तिच्या बांगड्या यायच्या. तिनं ओटीवर पाय ठेवायच्या आतच हिरव्या काचेची किणकिण ऐकू यायची आणि आई चुलीपुढूनच म्हणायची, "ये गो, चहा ठेवलाय." मावशी काही हात हलवत चालायची नाही. दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून चालायची, तरी बांगड्या वाजायच्या, कारण हात थरथरायचे. दारू सोडल्यापासून थरथरायचे. पीत होती तोवर एक बांगडी वाजली नव्हती, तेव्हा चूक कुठे झाली हे गावातल्या शहाण्या माणसांना उघड दिसत होतं.

आमच्या आगरी लग्नात भटजीला उशीर झाला तर चालतं, धवलारणीला झाला तर चालत नाही. ती धवले गाते, म्हणजे लग्नाची गाणी, आणि सगळे विधी त्या गाण्यांच्या हुकमानं चालतात. उंबराची फांदी कोणी आणायची, हळद कोणी आधी लावायची, मामानं कुठे उभं राहायचं, हे ती गाऊन सांगते आणि लोक ऐकतात. मांडवात तांदळाच्या पिठाचा चौक काढायचा मानही तिचाच. चिमटीतून पीठ सोडत ती चार रेघा ओढते, आत नक्षी भरते, आणि त्यावर नवरीचा पाट मांडतात. मावशीच्या रेघा अशा सरळ असत की गावातला सुतार त्या बघायला यायचा.

आमचं गाव बेलापूरच्या खाडीला लागून. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं आणि मध्ये तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं रान. दारूबंदीचे दिवस होते, म्हणजे दारू दुकानात मिळत नसे, तिवरांत मिळे. लग्नात प्रत्येक विधीला देवाला थेंब शिंपडायचा आणि धवलारणीला पेला द्यायचा, ही रीत. तो तिचा मान, आणि नको म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. एका लग्नात असे सात-आठ मान, आणि लगीनसराईत दिवसाला दोन लग्नं. मावशीनं वीस वर्षांत कोणाचा अपमान केला नाही. पुढे पुढे तर लग्न नसलेल्या दिवशीही ती कोणाचा अपमान करीनाशी झाली.

माझ्या थोरल्या बहिणीच्या हळदीला ती चौक काढून झाल्यावर त्या चौकाशेजारीच आडवी झाली. हळद लावतानाचं गाणं अर्ध्यावर राहिलं. पुढचं कोणाला येत नव्हतं, त्यामुळे सगळे बसून राहिले. ताईच्या अंगावरची हळद वाळून तडकायला लागली. शेवटी ताईनं पाटावरून उतरून मावशीचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं तिच्या तोंडाची लाळ पुसली आणि सुपानं वारा घालत बसली. दोन तासांनी मावशी उठली आणि सोडलं होतं त्या ओळीपासून गायला लागली. कोणी तिला एका शब्दानं बोललं नाही. बाबा तर म्हणाले, "व्हतं कवा कवा."

कोणी रागावलं असतं तर कदाचित ती प्यायची थांबली नसती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्याकडे आली आणि आईसमोर बसली. म्हणाली, "हळदीला नवरीनं नटायचं, मुरडायचं. तुजी पोर माजी लाल पुसत बसली गो." मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हिच्या हळदीला मी शुद्धीत नसंन, तर हिच्या मांडवात पाय ठेवायची नाय." माझं लग्न तेव्हा ठरलेलंही नव्हतं. मावशीनं घरी जाऊन दारूची बाटली ओतून दिली आणि तिच्यात घासलेट भरून ठेवलं. बाटली फेकली का नाहीस, असं आईनं विचारलं तर म्हणाली, "बाटलीचा काय गुना?"

तिसऱ्या दिवशी तिच्या घरात चिंबोऱ्या आल्या, खाडीतले खेकडे. भरदुपारी, भिंतीवरून, आढ्यावरून, तिच्या पांघरुणातून. त्या तिलाच दिसत होत्या. तिचा नवरा मिठागरावर कामाला असायचा, मुळात अबोल माणूस. तो धावत आमच्याकडे आला आणि एवढंच म्हणाला, "चिंबोऱ्या." आई टोपली घेऊन गेली. मीही मागोमाग गेले. मावशी घामानं चिंब भिजून कोपऱ्यात बसली होती आणि भिंतीकडे बोट दाखवत होती. इथं काही नाही, असं आई म्हणाली नाही. मावशी दाखवेल तिथून तिनं एकेक चिंबोरी उचलली, नांग्या सांभाळून टोपलीत टाकली आणि टोपलीवर झाकण दिलं. अर्धा तास हे चाललं होतं. शेवटी मावशी शांत झाली आणि हळूच म्हणाली, "मोठ्या मोठ्या ठेव. बारक्या खाडीत सोड." आईनं बारक्या सोडल्या.

चिंबोऱ्या चार दिवसांत गेल्या, पण बाकीची मंडळी मुक्कामाला राहिली. थंडीत मावशीचं लुगडं घामानं ओलं व्हायचं. तळपायांना मुंग्या यायच्या, म्हणून ती जमिनीवर पाय आपटत चालायची. झोप येत नसे, त्यामुळे पहाटेच तिचं अंगण झाडून झालेलं असायचं आणि मग ती आमचं झाडायची. गुळाची तर अशी चटक लागली की कनवटीला सुपारीऐवजी गुळाचा खडा असे. भात समोर आला की पोटात ढवळे. बशीतून चहा पिणं तिनं सोडूनच दिलं, कारण अर्धा चहा मांडीवर जायचा. पितळी पेला दोन्ही हातांत धरून ती तोंडच पेल्याकडे न्यायची. हे दोन-चार दिवसांचं असेल असं तिला वाटलं होतं. मग दोन-चार महिन्यांचं असेल असं वाटायला लागलं.

सातव्या महिन्यात आई तिला पनवेलच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी हात पुढे करायला सांगितले, डोळे बघितले, पोट दाबलं, सुया दिल्या. म्हणाले, शरीराला वीस वर्षांची सवय आहे, वर्ष लागेल, दोन लागतील, डाळ-अंडी खा आणि धीर धरा. मावशीनं परत आल्यावर गावाला याचा अर्थ सांगितला. "माज्या मनाला समजलंय दारू सुटली त्ये. हाताला अजून खबर नाय पोचली." आमच्या गावात पत्रही पंधरा दिवसांनी पोचायचं, त्यामुळे हे सगळ्यांना पटलं.

डोक्यालाही खबर नीट पोचली नव्हती. एका लग्नात उंबराची फांदी आणायला तिनं गाण्यातून नवरदेवाच्या आजोबांना बोलावलं. आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. मग आजीनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "बरं झालं, कोनीतरी बोलावलं त्यांना." फांदी शेवटी धाकट्या चुलत्यानं आणली. मावशीला मात्र हे फार लागलं. त्यानंतर ती सकाळी अंगण झाडताना धवले म्हणायची, आणि विसरली की झाडू थांबायचा. झाडू पुन्हा सुरू झाला की ओळ आठवली, असं आम्ही समजायचो.

हातांचं औषध मात्र गावात प्रत्येकाकडे होतं आणि ते एकच होतं. "एक घोट घे, मावशे. हात जाग्यावर येतील." यात खोटं काही नव्हतं, हीच पंचाईत होती. एका घोटानं हात थांबतात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तिला मान म्हणून मिळालेला पेला ती जवळच्या उंबराच्या मुळाशी ओतायची आणि म्हणायची, "आज त्याला जास्त तहान हाय." त्या वर्षी गावातले उंबर फार तरारले, असं बाबा म्हणायचे.

ताईच्या लग्नाला दीड वर्ष झालं आणि माझं लग्न ठरलं, उरणकडच्या गावात. पाहुणे मानापानाचे. आमच्या घरात शेवटचा शब्द मोठ्या काकांचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा. काकांनी आठ दिवस आधीच बजावलं, "पाहुन्यांसमोर चौक सरल यायला पायजे. वाकड्या चौकावर पोर बसवायची नाय." दुसरी धवलारीण आणा, असं कोणीतरी सुचवलं. आई म्हणाली, "मग हळदही दुसऱ्या पोरीला लावा." तो विषय तिथेच संपला.

हळदीच्या दिवशी दुपारी मावशी आली. मी आतल्या खोलीत होते, पण बांगड्या ऐकल्या. नेहमीपेक्षा जोरात वाजत होत्या. पाहुणे ओळीनं बसले होते. पिठाची थाळी मांडली होती आणि काकांनी थाळीला लागूनच भरलेला पेला ठेवला होता. मला बाहेर आणून बाजूला उभं केलं. मावशीनं चिमटीत पीठ घेतलं आणि पहिली रेघ ओढली. रेघ निघाली पूर्वेला आणि अर्ध्या वाटेत तिला काहीतरी दुसरंच आठवलं असावं. पाहुण्यांतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मावशीनं ती रेघ पदरानं पुसली. दुसरी ओढली, तीही पुसली.

काका वाकून तिच्या कानाशी म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "पोरीचा जल्माचा प्रश्न हाय. औषध म्हनून घे. एकच घोट." मावशी पेल्याकडे बघत राहिली. तिच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला. हात पेल्याच्या दिशेनं जरासा सरकला, ते मी बघितलं. आईनंही बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला काही सुचलं नाही. एका घोटानं रेघ सरळ आली असती. दुसरा घोट कोणी रोखला नसता, आणि संध्याकाळपर्यंत मावशी पुन्हा कोणाच्या तरी मांडीवर असती. मला फार भीती वाटली. माझ्या संसारासाठी नाही, तिच्यासाठी.

मावशीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. "बाय, सरल नाय येत गो. काय करू?"

नवरीनं हळदीला बोलायचं नसतं. मी म्हटलं, "वाकडा चालेल."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढे चार वर्षं मी त्यांच्यासमोर पाणीसुद्धा मागितलं नाही. मावशीनं डाव्या हातानं पेला उचलला, निम्मी दारू सांडत दारातल्या उंबरापर्यंत नेला आणि उरलेली तिथं ओतली. मग परत येऊन चौक काढायला बसली. चारही रेघा तिनं ओढल्या, एकही पुसली नाही. रेघ वर जायची, खाली यायची, कुठे रुंद, कुठे बारीक. दहा मिनिटांच्या कामाला तास लागला. तिच्या बांगड्या सबंध तासभर वाजत होत्या आणि त्यांच्या तालावर ती गात होती, एकही ओळ न चुकता. मी पाटावर बसले तेव्हा ताई माझ्यामागे उभी राहून रडत होती.

सासरकडच्या एका थोराड बाईनं आईला विचारलं, "ही कुठली वो रीत?" आईनं डोळ्याची पापणीही न हलवता सांगितलं, "आमच्यात लाटांचा चौक असतो. खाडीकाठची जुनी रीत. सगल्याच धवलारनींना येत नाय." त्या बाईनं मान डोलावली आणि खाली वाकून रेघ नीट बघून घेतली.

पुढच्या लगीनसराईत उरणकडून मावशीला बोलावणं आलं. त्यांना लाटांचा चौक हवा होता. मग पनवेलकडून आलं. डॉक्टरांनी सांगितलेली दोन वर्षं भरली आणि ते म्हणाले होते तसंच झालं, हातांना खबर पोचायला लागली. थरथर कमी झाली, रेघ सरळ यायला लागली, आणि लोकांची तक्रार सुरू झाली. मावशी फार वैतागायची. "हात कापत व्हता तवा सरल पायजे व्हता. आथा थांबलाय तर यांना लाटा पायजेत. मुद्दाम हात हलवायला मी काय येडी हाय?" पण मुद्दाम हलवायची. मान म्हणून आलेला पेला मात्र शेवटपर्यंत उंबरालाच गेला.

मी एकदा माहेरी आले होते. ओटीवर तांदूळ निवडत बसले होते, तर पाठीमागून खांद्यावर हात पडला आणि मी दचकले. मावशी होती. आल्याचं मला कळलंच नव्हतं. आईनं चहा आणला, तेव्हा मावशीनं बशी मागितली. बशीत काठोकाठ चहा ओतला, एका हातानं बशी उचलली आणि माझ्याकडे बघत बघत चहा पिऊन टाकला. एक थेंब सांडला नाही. रिकामी बशी तिनं माझ्यासमोर उपडी करून दाखवली. मी तिच्या गळ्यात पडले, तर म्हणाली, "सोड गो, बशी फुटंल."

त्यानंतर चार-पाच पावसाळ्यांनी ती गेली. नवरा मागे होता, म्हणून हिरव्या बांगड्यांनिशीच नेली. मला पोचायला उशीर झाला. उचलताना बांगड्या वाजल्या आणि आईच्या तोंडून सवयीनं "ये गो" निघून गेलं, असं ताईनं सांगितलं. ते ऐकून मी जी रडले, ती सख्ख्या माणसासाठीही नंतर तशी रडले नाही.

परवा माझ्या नातीची हळद झाली, कामोठ्याला, तिच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. एका मुलीनं मोबाईलवर बघून लाटांचा चौक काढला. सगळ्या लाटा एका मापाच्या, छाप मारल्यासारख्या. "आजी, हीच ना तुमची जुनी रीत? टेन्शन आलंय मला, बरोबर आहे ना?" असं विचारून तिनं पीठ माझ्यापुढे धरलं. शेवटची रेघ घरातल्या मोठ्या बाईनं ओढायची, असंही आता कोणीतरी ठरवलं आहे. माझा हात हल्ली वयानं कापतो. चिमटीत पीठ घेतलं आणि माझ्या बांगड्या वाजायला लागल्या. रेघ आपल्या मनानं गेली, वर, खाली, एकदा तर पार पाटाखाली.

हॉल बघत होता. नातीनं पाटाजवळून वाकून विचारलं, "झालं का गं आजी? कसं आलंय?"

"वाकडं आलंय," मी म्हटलं. "चालेल. बस तू."