कमलचा हातगुण आणि पन्नास खुंट

"बाकी ती शहाणी आहे मॅडम. तेवढा तिचा हातगुण परत आणून द्या," असं म्हणत नर्सरीचे मालक माझ्यासमोर बसले. शेजारी कमल. दोन्ही हात पदराखाली, जणू काही चोरून आणलंय.

मी समुपदेशक आहे. तीन दिवस वडगावात बसते, दोन दिवस लोणावळ्यात. लोणावळ्यातल्या बंगल्यांत लोकांना अँक्झायटी होते, वडगावात डोकं फिरतं. उपचार एकच.

कमल इंदुरीजवळच्या एका गुलाबाच्या नर्सरीत डोळे भरते. रानटी गुलाबाच्या खुंटाला चीर द्यायची, चांगल्या गुलाबाच्या काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब, त्या चिरेत बसवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा असला तर लागला, काळा पडला तर गेला. हंगामाचा पहिला डोळा मालक नारळ फोडून कमलच्याच हातून भरून घेत. यंदा तिने भरलेली तीनशे रोपं काळी पडली. त्या दिवसापासून तिने चाकू धरला नव्हता. झाडलोटीचं काम द्या म्हणत होती. मालकांनी पुढच्या महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती : डोळे भरायला बस, नाहीतर घरी बस.

"आठ वर्षं हिच्या हातात जादू आहे असं मानत होतात, तेव्हा का नाही आणलंत माझ्याकडे?" मी विचारलं.

"तेव्हा काय प्रॉब्लेम होता?"

"हाच."

ते हसले. मी विनोद केला नव्हता. त्यांना बाहेर बसवलं.

"मी हात लावला का डोळा मरतो," कमल म्हणाली.

"मेला हे दिसलं. हातामुळं मेला हे कुणी पाहिलं?"

"समदी म्हणत्यात."

"समदी म्हणजे कोण कोण?"

तिने बराच विचार केला. "मालकीणबाई. आन् मी."

आमच्या कामात मनात आलेला विचार हा निकाल धरत नाहीत, आरोप धरतात आणि पुरावा मागतात. वडगावात कोर्ट असल्यामुळे हे लोकांना लवकर कळतं. मी कागदावर एक मोठी भाकरी काढली. ही तीनशे रोपं मेल्याची जबाबदारी. हिच्यात तुझा वाटा किती? तिने अख्ख्या भाकरीवर बोट फिरवलं.

"बरं. काड्या कुठून आल्या?"

"टेम्पोतनं. मालक घिऊन आलं."

"सकाळी?"

"न्हाई, दुपार टळल्याव. वाटंत लगीन हुतं. जेवून आलं."

"आणि काड्या?"

"टेम्पोतच. उन्हात." मग पेन्सिल तिनेच घेतली आणि भाकरीची निम्मी कोर मालकांना दिली. रोपांवर सावली धरणाऱ्या फाटक्या शेडनेटला एक तुकडा दिला. स्वतःकडे चतकोर ठेवली. तेवढी मात्र सोडायला तयार नव्हती. ठीक आहे, एवढी भाकरी प्रत्येकालाच असते.

पण कागदावरची भाकरी पोटात जात नाही. प्रयोग हवा होता. नर्सरीतलेच पन्नास खुंट घेतले. एकाच सकाळी कापलेल्या काड्या, एकच चाकू. पंचवीस डोळे कमलने भरायचे, पंचवीस तिच्या शेजारी बसणाऱ्या रुक्सानाने. कमलच्या रोपांना लाल टॅग, रुक्सानाच्या पांढरे. कमलने आधीच लिहून दिलं : माझे सगळे मरतील. डोळे भरताना तिने चाकू मुठीत आवळून धरला होता. रुक्साना म्हणाली, "अगं बाई, डोळा भरतीयेस का विळ्यानं गवत कापतीयेस?" दोघी हसल्या. तासाभराच्या सेशनमध्ये मला हे जमलं नसतं.

एकविसाव्या दिवशी मी मोजायला गेले. लाल टॅग : पंचवीसपैकी पंचवीस हिरवे. पांढरे : बारा. मालक टाळ्या वाजवणार होते. मीही मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली, हे कबूल करते.

"बाराच?" रुक्साना भडकली. "पंचविसात माझे कधी पंधराच्या खाली आले नाहीत! माझ्याच हाताला काय झालं आता?"

एक पेशंट बरी होता होता दुसरी तयार होत होती.

कमल मात्र वाकून रोपं बघत होती. एका लाल टॅगवर तिने बोट ठेवलं. "ही पट्टी माझी न्हाई."

"कशावरून?"

"मी डावरी हाय मॅडम. माझी पट्टी उलटी फिरती."

अख्ख्या नर्सरीत डावरी ती एकटीच. मी आठवडाभर टॅगचे रंग ठरवत बसले होते आणि पुरावा प्रत्येक रोपावर गुंडाळलेला होता. सगळ्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी शेडनेटकडे पाहिलं.

"तिला जरा कॉन्फिडन्स यावा म्हणून," ते म्हणाले. "तिच्या सहाच काळ्या रोपांचे टॅग रुक्सानाच्या सहा हिरव्यांशी बदलले."

कमलने पट्ट्या बघून पुन्हा मोजलं. मोठ्याने. तिचे एकोणीस लागले होते, रुक्सानाचे अठरा.

"म्हंजी मी सगळ्यांसारखीच?"

"सगळ्यांसारखीच."

एवढं साधं सर्टिफिकेट मिळाल्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती डोळे भरायला बसली. एकच अट घातली : काड्या सकाळी नऊच्या आत, ओल्या गोणपाटात गुंडाळून आल्या पाहिजेत. उशिरा आल्या तर चाकू धरणार नाही. आठवड्याने मालकांचा फोन आला.

"मॅडम, तुम्हाला हिला बरं करायला सांगितलं होतं. ही तर आता माझ्या चुका काढते."

"काड्या किती वाजता आल्या आज?"

त्यांनी फोन ठेवला.

पेशंटच्या गृहीतकांवर नजर ठेवावी, असं आम्हाला शिकवलं जातं. पेशंटला घेऊन येणाऱ्याच्या हातांवर ठेवावी, हे शिकवत नाहीत. ते नर्सरीत जाऊन शिकावं लागतं.