खरं गाव स्टॉकपोर्ट

आमच्या इंग्लंडातल्या मराठी मंडळातले किस्से दारातल्या बुटांसारखे साठतात. कुणी आवरत नाही, आणि घरी जाताना दुसऱ्याचाच पायात येतो. त्यातले हे थोडे, माझ्या मापाचे.

*

देवधरकाका मंडळाचे अध्यक्ष. दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये आम्हा पोरांना मराठी शिकवायचे. पहिला नियम : "हॉलमध्ये प्लीज, स्ट्रिक्टली मराठी!"

मला विचारलं, "तुझं गाव कुठलं रे?"

"स्टॉकपोर्ट."

"ते नव्हे. खरं गाव!"

सोमवारी शाळेत एका गोऱ्या पोरानं अगदी हेच विचारलं. त्याला ठोसा लगावला, डिटेन्शन मिळालं. काकांना लगावता येत नव्हता. ते चकल्या द्यायचे.

*

पुण्याला गेलो की आत्या माझं पाणी वेगळं उकळायची. "इंग्रज आहे तो! आपलं सोसायचं नाही त्याला." वर शेजारणींना बोलावून मला दाखवायची.

मी कोपऱ्यावरची भेळ खाऊन ठणठणीत. पोट बिघडलं आईचं! विमानभर बाई "आमच्या पुण्यात, आमच्या पुण्यात" करत आली होती.

*

आमच्या गणपतीचं विसर्जन आमच्या घरामागच्या बागेत, बादलीत. पन्नाशीची माणसं स्वतःचा देव चोरासारखी बुडवतात!

"गणपती बाप्पा..." काका कुजबुजले.

"मोरया!" मी बोंबललो.

"हळू रे! शेजारी काय म्हणतील?"

शेजारचा डेव्ह कुंपणावरून बघतच होता. म्हणाला, "एवढंच? मला वाटलं ढोल असतील."

*

मी फार्मसी अर्धवट सोडली आणि फिश-अँड-चिप्सच्या दुकानात लागलो. बाबा डेव्हला इंग्रजीत बिनधास्त सांगायचे, "पोरानं युनिव्हर्सिटी सोडली, चिप्स तळतो." मराठीत मात्र मी 'रिसर्च' करत होतो! एका बापाचे दोन मुलगे, आणि दोघंही मीच. चिप्सचं त्यांनी एकदा, फक्त एकदा, मराठीत बोलावं, एवढंच मला हवं होतं.

पुढच्या गणपतीला बाबांनी डेव्हला आरतीला बोलावलं. प्रसादाचा मोदक तोंडात टाकून त्यानं भर हॉलमध्ये बाबांच्या पाठीवर थाप मारली. "तुझ्या पोरासारखे चिप्स अख्ख्या स्टॉकपोर्टात कुणी तळत नाही!"

हॉलमधल्या सगळ्यांची हयात इंग्रजीत नोकऱ्या करण्यात गेलेली. तरी काकांनी बाबांना विचारलं, "काय म्हणतायत हे?"

बाबांनी भाषांतर केलं. "म्हणतायत, बटाट्यावर मोलाचं काम चाललंय."

"वा!" काका म्हणाले.

शुक्रवारी संध्याकाळी काका दुकानात. शिस्तीत रांगेत. नंबर आल्यावर खणखणीत मराठीत म्हणाले, "दोन पोर्शन संशोधन. व्हिनेगर जास्त."

"दोन कशाला?"

काका बाजूला सरकले. मागे बाबा. दुकानात पहिल्यांदाच. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. वरचा मेनू शेवटपर्यंत वाचला. मग घसा खाकरून, मराठीत :

"मालकांना सांग, चिप्स तळणाऱ्या मुलाचे वडील आलेत."